बातमीचाही हिशेब ठेवूया
(गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून चर्चा करण्यासाठी पाठ)



आपली बैठक सुरू व्हायच्या आधी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. सगळ्या जमेपर्यंत बचतीचे पैसे पदराच्या गाठीत असतात आणि बातम्यांची गाठ मात्र सुटते. कुणी पेपरात वाचलेलं, कुणी मोबाईलवर बघितलेलं, कुणी मुदाळ तिट्ट्यावर एसटीची वाट बघताना ऐकलेलं. कुठं चोरी झाली, कुणाला पकडलं, कोर्टानं कुणाला सोडलं. मग प्रत्येकीचं मत. "असल्यांस्नी भर चौकात टांगाय पाहिजे," असं एक म्हणते. "काय व्हत न्हाय ओ, सगळी मिळालेली असत्यात," असं दुसरी म्हणते. तेवढ्यात हजेरी सुरू होते आणि विषय तिथंच संपतो.

मत असायलाच पाहिजे. आपण या गावात राहतो, कर भरतो, मतदान करतो. पण आपलं मत बैठकीच्या सतरंजीवरच राहतं. ज्याच्यापर्यंत जायला पाहिजे त्याच्यापर्यंत ते जातच नाही. कधी कधी तर भलत्याच माणसाला जाऊन लागतं. म्हणून आजचा पाठ: बातमी ऐकल्यावर मत कसं बनवायचं आणि जाब कुणाला विचारायचा.

वही आपल्या ओळखीचीच आहे

गटातल्या कुणाचा हप्ता थकला तर "बायका सगळ्याच बुडव्या" असं आपण म्हणत नाही. आपण वही उघडतो. कर्ज कुणी घेतलं, किती घेतलं, हप्त्याची तारीख कोणती, कुठल्या महिन्यापासून चुकला हे बघतो. मग तिच्या दारात जाऊन विचारतो. हिशेब लिहिणं हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. ते पाळलं म्हणून तर बँक आपल्याला दारात उभं करते.

बिद्रीसारख्या कारखान्याच्या गावात तर हे घरोघरी चालतं. ऊस गेला की घरातला माणूस दिवस मोजायला लागतो. कायद्यानं १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे बिल द्यावं लागतं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं, हे शाळेचं तोंड न बघितलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. काम कुणाचं आणि मुदत किती, हे माहीत असलं की विचारायला तोंड येतं.

तीच वही आता बातमीला लावायची. चार रकाने पाडा:

१. काय घडलं? (नक्की किती माहीत आहे आणि ऐकीव किती?)
२. ते काम कुणाचं होतं?
३. मुदत किती होती आणि ते केव्हा केलं?
४. आता विचारायचं कुणाला?

याला कायद्यात उत्तरदायित्व म्हणतात. आपल्या भाषेत जाब. दोन बातम्या घेऊन करून बघू. एक आपल्या कोल्हापूरची, एक बदलापूरची.

पहिली बातमी: "कोर्टानं फाशी रद्द केली"

चाळिशी ओलांडलेल्यांना गावित मायलेकींचं नाव सांगायला नको. १९९६ साली अंजना गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, पकडल्या गेल्या. लहान मुलं पळवायची, त्यांना पुढं करून चोऱ्या करायच्या आणि मूल जड झालं की जीव घ्यायचा, असा तो गुन्हा. ती बातमी आल्यावर आमच्या घरात किती तरी दिवस पोरांना दारातसुद्धा एकटं सोडत नव्हते. आई निकालाआधीच वारली. दोघी बहिणींवर कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात खटला चालला.

१८ जानेवारी २०२२ ला बातमी आली की मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची फाशी रद्द केली. आमच्या बैठकीत एकच गलका झाला. "सोडलं की ओ कोर्टानं! लेकरांच्या आयांनी काय करायचं?" मीही त्यातच होते.

आता वही उघडू.

काय घडलं? त्या सुटलेल्या नाहीत. फाशीची जन्मठेप झाली. आम्ही पंचवीस वर्षं तुरुंगात काढलीत, आता सोडा, असं त्यांनी मागितलं होतं. ते न्यायालयानं मान्य केलं नाही. म्हणजे आमच्या गलक्यातलं पहिलं वाक्यच चूक होतं.

काम कुणाचं होतं आणि केव्हा केलं? तारखा बघा. कोल्हापूरच्या न्यायालयानं फाशी सुनावली ती २००१ मध्ये. उच्च न्यायालयानं ती कायम केली २००४ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं २००६ मध्ये. तीन पायऱ्या पाच वर्षांत झाल्या. त्यानंतर दयेचा अर्ज होता. तो आधी राज्यपालांकडे आणि मग राष्ट्रपतींकडे जातो आणि फाईल सरकारी कचेऱ्यांतून फिरते. या फाईलला लागली ७ वर्षं आणि १० महिने. राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला तेव्हा २०१४ साल उजाडलं होतं. उच्च न्यायालयानं बोट ठेवलं ते याच विलंबावर. झटकन कागद पाठवायची साधनं हाताशी असताना अधिकाऱ्यांनी ढिलाई केली, असं न्यायालयानं म्हटलं. दयेचा अर्ज कारण नसताना वर्षानुवर्षं लटकवून ठेवला, तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१४ मध्येच सांगितलं होतं.

मग विचारायचं कुणाला? फाईल ज्या टेबलांवर पडून राहिली त्यांना. आम्ही राग काढला कोर्टावर. पण त्या आठ वर्षांत, "फाईल कुठवर आली?" असं मी तरी कधी मनातसुद्धा विचारलं नव्हतं. फाशी असावी की नसावी, यावर तुमचं मत काहीही असू दे. मूल गेलेल्या आईला शेवटचा निकाल कळायला सव्वीस वर्षं लागली. या दिरंगाईवर बोलायला दोन्ही मतांच्या बायका एकत्र येऊ शकतात.

दुसरी बातमी: "बरं झालं, मारला त्याला"

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. पालक तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले तर त्यांना जवळपास बारा तास ताटकळत बसावं लागलं. २० ऑगस्टला लोकांचा संताप रस्त्यावर आला, लोकांनी रेल्वे रोखून धरली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. काही पोलीस निलंबित झाले. शाळेच्या विश्वस्तांवरही पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंद झाला, कारण मुलांवरच्या अत्याचाराची माहिती कळूनही ती पोलिसांना न देणं हाच मुळी गुन्हा आहे.

पुढं २३ सप्टेंबर २०२४ ला आरोपीला तुरुंगातून नेत असताना पोलिसांच्या गाडीत गोळी लागून तो मेला. मोबाईलवर पेढे फिरले. आमच्या बैठकीतही "बरं झालं, एक ब्याद गेली" हेच ऐकू आलं. नातीच्या वयाच्या पोरींची बातमी वाचून आजीच्या तोंडून दुसरं काय येणार? त्या रागाला मी नावं ठेवत नाही.

पण वही उघडली की वेगळं दिसतं. पोलिसांच्या ताब्यात माणूस मेला तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. ती झाली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढं आलेल्या अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं त्या प्रकरणी गुन्हा नोंदवून तपास करायला सांगितलं. त्या पोलिसांवरचे आरोपसुद्धा अजून आरोपच आहेत. तोच नियम त्यांनाही लागू.

आणि एक गोष्ट आम्ही विसरलो. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्या पोरींच्या घरच्यांना न्यायालयात उभं राहून "यानं हे केलं" असं सिद्ध करायची संधीच राहिली नाही. कुणाला काय माहीत होतं, कुणी लपवलं, हे त्याच्या खटल्यात निघू शकलं असतं, तेही गेलं.

मला विचाराल तर या बातमीतला आपल्यासाठीचा सगळ्यात मोठा आकडा ते बारा तास आहेत. गोळी झाडणं आपल्या हातात नाही आणि नसावंही. पण उद्या आपल्या वाडीतली एखादी आई पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली, तर तिच्याबरोबर दहा बायका जाऊन बसणं हे आपल्या हातात आहे.

शब्द नीट वापरले तर अर्धी चूक टळते

बातमी सांगताना हे शब्द एकमेकांत मिसळू नका:

संशयित: पोलिसांना शंका आहे एवढंच. चौकशीला बोलावलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही.

आरोपी: ज्याच्यावर आरोप आहे तो. न्यायालयानं अजून ठरवलेलं नाही.

दोषी: पुरावे बघून न्यायालयानं ठरवलं तो. यापुढंही अपील असतं.

जामीन: खटला चालेपर्यंत अटींवर बाहेर राहण्याची परवानगी. जामिनावर आला म्हणजे सुटला, हा आपला मोठा गैरसमज. कधी कधी पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं नाही म्हणूनही जामीन मिळतो. तिथं जाब कोर्टाला विचारायचा की तपास करणाऱ्याला, हे आता तुम्हीच सांगा.

पीडित: जिच्यावर अत्याचार झाला ती. लैंगिक अत्याचारात तिचं नाव, फोटो, गाव, शाळा, घरच्यांची ओळख छापणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "कुणाची गं ती?" हा प्रश्न पाण्याच्या नळावरही विचारू नये.

आपल्या मतालाही जाब असतो

आता एक गोष्ट माझ्या घराजवळची सांगते. नावं सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक चोरी झाली आणि आमच्याच गटातल्या एका बाईच्या मुलाला पोलिसांनी चौकशीला नेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पोरगा चोर निघाला. मी तीन घरी जाऊन तेच सांगितलं. पुढच्या बैठकीला ती आली तेव्हा तिच्या शेजारची जागा मोकळी राहिली. तिनं बचत दिली, सही केली आणि गेली. त्यानंतर आली नाही. मुलाला दोनच दिवसांत घरी पाठवलं होतं. पुढं खरे चोर सापडले, ते दुसऱ्याच तालुक्यातले. ती बातमी पेपरात कोपऱ्यात होती. ती सांगायला मी एकाही घरी गेले नाही.

हप्ता चुकला तर आपण दंड लावतो. मी तिच्या नावावर जे खोटं लिहिलं त्याचा दंड तीच भरत राहिली.

आणि ही लहान गोष्ट झाली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, भिक्षा मागून पोट भरणारी. मोबाईलवर फिरलेल्या खोट्या निरोपांनी ते वातावरण तापवलं होतं. आता भारतीय न्याय संहितेत जात, जमात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला वेगळं कलम आहे आणि त्यात फाशी किंवा जन्मठेप आहे. म्हणून निरोप पुढं ढकलण्याआधी पहिला रकाना भरा: नक्की किती माहीत आहे?

मग करायचं काय? कामाच्या गोष्टी

वहीत उतरवून घ्या.

• दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ते शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलेलं आहे.

• प्रथम खबरीची, म्हणजे एफआयआरची, एक प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती हातात घेतल्याशिवाय उठू नका. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

• तक्रार घेतली नाही तर तीच लिहून पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. तरीही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर न नोंदवणाऱ्या पोलिसाला स्वतःलाच शिक्षा होऊ शकते.

• गुन्हा नोंदवल्यापासून ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडितेला कळवायचं असतं. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. कळवलं नाही तर लेखी विचारा.

• लहान मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

• वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो. तिथं उत्पन्नाचा दाखला आड येत नाही. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. फोन १५१००. तातडीची मदत ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

• पोलिसांबाहेरच्या कामांनाही हीच वही लावा. दाखला वेळेत मिळत नसेल तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ आहे. कुठली सेवा किती दिवसांत आणि कोण देणार, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. उशीर झाला तर अपील करता येतं. रस्ता, गटार, पाण्याची टाकी यांचा खर्च बघायचा असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, आलं नाही तर पहिलं अपील.

• आणि ग्रामसभा. तिथं विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. लिहिलेला प्रश्न पुढच्या सभेला पुन्हा विचारता येतो.

एक चांगली गोष्टही सांगायला पाहिजे. आजवर उच्च न्यायालयात दाद मागायची म्हणजे मुंबई गाठायला लागायची. वकिलांनी आणि लोकांनी चाळीसहून जास्त वर्षं मागणी लावून धरली आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ते आहे. मत नुसतं बोलून सोडलं नाही, लिहिलं, मागितलं, पुन्हा मागितलं, तर काय होतं, त्याचं हे घराजवळचं उदाहरण.

बैठकीत चर्चेसाठी

१. गेल्या महिन्यात आपण कुठल्या बातमीवर सगळ्यात जास्त बोललो? चार रकान्यांत मांडून बघा. कुठला रकाना रिकामा राहतो?
२. आपल्या बोलण्यानं गावातल्या कुणाचं नाव खराब झालं आहे का? दुरुस्त करायला काय करता येईल?
३. गटातल्या एखादीला पोलीस ठाण्यात जायची वेळ आली तर तिच्याबरोबर कोण कोण जाईल? तीन नावं आजच वहीत लिहून ठेवा.
४. आपल्या ग्रामपंचायतीत कुठल्या सेवेला किती दिवस, हा फलक आहे का? पुढच्या बैठकीआधी दोघींनी जाऊन बघून यावं.

दुसरा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. हा पाठ लिहायला घेतला त्याच आठवड्यात त्या बाईच्या घरी गेले. "तुझ्या पोराबद्दल मी खोटं बोलले, तीन घरांत बोलले," असं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला. गटात परत यायचं काय, यावर ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या तीन घरी जाऊन आले. एका घरी म्हणाले, "आता कशाला जुनं उकरून काढताय?" मी म्हटलं, "थकलेला हप्ता आहे, भरायला आलेय."

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक बातमी आणावी. चार रकाने भरून.